वेगळा तास मागू नका, जॉबशीट बदला

विटा भागातल्या एका खासगी आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाला नव्यानेच रुजू झालेल्या एका निदेशिकेने विचारलं आहे: "व्यवसाय प्रशिक्षणात शाश्वत विकास आणा आणि काय केलं त्याचा अहवाल द्या, असं पत्र आलं. आम्ही आवारात झाडं लावली, भित्तिपत्रकांची स्पर्धा घेतली, फोटो जोडले. तरी काम झालं असं मला वाटत नाही. वर्षाचे तास भरलेले आहेत, त्यात नवा विषय कुठे बसवू? आणि दोन वर्षांनी कामाला लागायची घाई असलेल्या मुलांना यातून काय मिळणार?"

मॅडम, झाडं लावलीत ते चांगलं केलंत, आता ती जगवा. पण तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय. सकाळी झाड लावणारा आणि दुपारी वर्कशॉपच्या मागे वायर जाळून तांबं काढणारा मुलगा एकच असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे आपण त्याला कधी सांगितलेलंच नसतं. मी सांगली जिल्ह्यात २६ वर्षं वीजतंत्री शिकवतोय. मधली काही वर्षं संधाता (वेल्डिंग) विभागाचं स्टोअरही माझ्याकडे होतं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडे ही गोष्ट मुलाच्या हातातल्या जॉबमधून, म्हणजे वर्कशॉपमध्ये करायला दिलेल्या कामातून, आणि त्या जॉबला मिळणाऱ्या मार्कांतूनच शिकवता येते. दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

तासांचं आधी बोलू. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे १,२०० तास आहेत. त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे, १२० रोजगार कौशल्यांचे. शिवाय १५० तास कारखान्यातला अनुभव किंवा गट प्रकल्प. तुम्ही या १२० तासांतून चार-पाच तास ओढून एक व्याख्यान घ्याल आणि मुलं ते ऐकून विसरतील. ८४० तास मुलगा हातात पक्कड, पट्टी आणि मीटर घेऊन उभा असतो, तिथे बघा.

आता तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं मूल्यमापनाच्या सूचनांचं पान उघडा. ते पान आपण कुणी वाचत नाही, थेट जॉबच्या यादीवर जातो. अंतर्गत मूल्यमापन करताना काय काय विचारात घ्यायचं ते तिथे लिहिलंय: सांघिक काम, भंगार आणि नासाडी टाळणं किंवा कमी करणं, भंगाराची रीतसर विल्हेवाट, वागणूक, पर्यावरणाविषयीची जाणीव, नियमितपणा. म्हणजे परवानगी मागायची गरजच नाही, ती छापलेली आहे. आपण मात्र मार्क देताना जॉबचं माप, फिनिशिंग आणि वेळ बघतो, आणि बाकीच्या रकान्यांत सगळ्यांना सारखेच आकडे टाकतो. मुलं हुशार असतात. ज्या रकान्यात सगळ्यांना सारखे मार्क पडतात, तो खोटा आहे हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळतं.

मी माझ्या जॉबशीटवर शंभरातले १५ मार्क यासाठी बाजूला काढतो आणि ते मोजून देतो, अंदाजाने नाही. दिलेल्या मालाचं वजन, जॉबचं वजन, पुन्हा वापरता येईल अशा तुकड्यांचं वजन आणि भंगारात गेलेलं वजन, एवढे चार आकडे मुलानेच लिहायचे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा त्यासाठी पुरतो.

तुमच्याच व्यवसायातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

आपल्याकडे मोटार जळली की "भरायला" टाकतात, म्हणजे आतलं वायंडिंग, तांब्याच्या तारेचे वेढे, नव्याने घालायला. भरायच्या आधी जुनं वायंडिंग काढावं लागतं. गावोगावच्या दुकानांमागे ते कसं काढतात तुम्ही पाहिलंच असेल. स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) उभा करायचा, आत चिंध्या कोंबायच्या, वरून जुनं ऑइल ओतायचं आणि काडी लावायची. वार्निश जळून गेलं की कॉइल सैल होतात, हाताने ओढल्या तरी निघतात. काम झटपट होतं. माझ्या उस्तादांनी मला तसंच शिकवलं आणि मी ११ वर्षं मुलांना तेच शिकवलं. काळा धूर मुलांच्या डोळ्यांत जायचा तेव्हा मी म्हणायचो, वाऱ्याच्या बाजूला उभे राहा.

मग एकदा डबल वॅटमीटरच्या प्रात्यक्षिकाला दुसरी मोटार मिळाली नाही, म्हणून वायंडिंग विभागातलीच एक ५ एचपीची मोटार घेतली. भरायला काढण्याआधी तिचे नो-लोडचे (भाराविना फिरतानाचे) वॅट योगायोगाने वहीत लिहिलेले होते. भरून झाल्यावर पुन्हा घेतले. टर्न (वेढे) तेच, गेज (तारेची जाडी) तेच, बेअरिंगं नवी, तरी साठ-सत्तर वॅट जास्त. मीटर बिघडला असेल म्हणून बदलून पाहिला. आकडा तोच आला. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला. स्टेटर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यांची, स्टॅम्पिंगांची चवड. प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा पातळ थर असतो, पत्र्यांतून भोवरी प्रवाह फिरू नये म्हणून. उघड्या जाळात हा थरच जळतो. पत्रे एकमेकांना लागतात, कोअर लॉस, म्हणजे त्या पत्र्यांत वाया जाणारी वीज, वाढतो, मोटार आतून तापते. वायंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे आपण थिअरीत शिकवतो. मी थिअरीच्या तासाला ते शिकवत होतो आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला काडी लावत होतो.

यात किती वीज जाते बघा. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर ती वीजवाहिनीतून साधारण ४.३९ किलोवॅट घेते. ती ८२ वर आली तर ४.५५. फरक दिसायला क्षुल्लक. पण बागायती भागात पंप वर्षाला दीड हजार तास चालला, तर याच फरकाचे सुमारे २४० युनिट होतात. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका मोटारीमागे, एका वर्षात, दीडशे किलोंच्या पुढे. हे गणित मुलाने स्वतः, स्वतः भरलेल्या मोटारीवर मांडलं की हवामान बदलाचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही.

आता आमची जॉबशीट अशी आहे. मोटार उघडायच्या आधी नो-लोडचे अँपिअर आणि वॅट. मोटार चालण्यासारखी नसेल तर नेमप्लेट आणि वायंडिंगचा रेझिस्टन्स. मग टर्न, गेज, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर), जोडणी. वायंडिंग काढताना एका बाजूची कॉइलची डोकी छिन्नीने छाटायची, स्टेटर बेताने गरम करायचा आणि दुसऱ्या बाजूने ओढायचं. तापमान ३५०-३६० अंशांच्या वर जाऊ न देणारी भट्टी असेल तर उत्तम, पण ती येईपर्यंत थांबू नका. निघालेलं तांबं तोलायचं, भरलेलं तांबंही तोलायचं. भरलेलं वजन कमी आलं तर कुठेतरी गेज उतरलंय किंवा टर्न कमी पडलेत. बाजारात हीच चोरी चालते, आणि ती पकडायची कशी हे मुलाला काटाच शिकवतो. शेवटी पुन्हा नो-लोडचे वॅट. आधीपेक्षा आकडा वाढला तर मोटार फिरत असली तरी जॉब अपूर्ण. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरतात, कारण ओढून काढायला निम्मा दिवस जास्त जातो. तुम्ही ठाम राहा.

या सगळ्याचा खरा उपयोग आम्हाला ऑगस्ट २०१९ मध्ये कळला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांना लागते. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात होती. पाणी उतरल्यावर घरोघरच्या, गिरण्यांच्या, पंपांच्या मोटारी गाळाने भरलेल्या निघाल्या. भरणाऱ्या दुकानांसमोर रांगा लागल्या. आम्ही मुलांना घेऊन एका गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो. बुडालेली मोटार म्हणजे जळलेली मोटार नव्हे, ही गोष्ट लोकांना पटवणं हेच पहिलं काम होतं. ती उघडायची, गोड्या पाण्याने गाळ धुऊन काढायचा, बेअरिंगं काढून टाकायची, बल्बांच्या उबेवर सावकाश वाळवायची, दर दोन तासांनी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा. इन्सुलेशन रेझिस्टन्स एक मेगओहमच्या वर जाऊन तिथेच टिकला की वार्निश आणि नवी बेअरिंगं.

एका बचत गटाच्या पिठाच्या गिरणीची मोटार आमच्या एका मुलाने अंगावर घेतली होती. पहिल्या दिवशी मेगरचा काटा शून्यावरून हलेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ०.४. गिरणीवाल्या मावशी येऊन म्हणाल्या, "लेकरा, गावाचं दळण तटलंय, लाव आता." तो म्हणाला, "मावशी, आजची रात्र राहू द्या. आत्ता लावली तर उद्या भरायलाच न्यावी लागंल." रात्रभर त्याने बल्ब चालू ठेवले, व्हरांड्यातच झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा दोनच्या पुढे गेला. त्या व्हरांड्यात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मोटारी न भरता चालू झाल्या. त्यांचं तांबं वाचलं, जाळ टळला, आणि आधीच सगळं गमावलेल्या लोकांचे हजारो रुपये वाचले. शाश्वत विकासाची व्याख्या मुलांना सांगायची असेल तर मी ही गोष्ट सांगतो, आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाचं वाक्य फळ्यावर लिहितो: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. या क्रमाने सांगितलं की ते वाक्य पाठ करायला लावावं लागत नाही.

त्या पुरानंतर हाऊस वायरिंगच्या जॉबमध्ये आम्ही एक बदल केला. वर्कशॉपच्या भिंतीवर रंगाने पुराची रेघ मारली. मीटर बोर्ड, एमसीबी आणि इन्व्हर्टर रेघेच्या वर. खालच्या सॉकेटांचं सर्किट वेगळं, पाणी यायच्या आधी तेवढंच बंद करता येईल असं. नदीकाठच्या वीजतंत्र्याला हे यायलाच हवं. तुम्ही विट्याकडच्या, तुमच्याकडे दुष्काळाचा प्रश्न मोठा. तिथली रेघ पाण्याच्या टाकीवर मारा: लेव्हल कंट्रोलर, ड्राय-रन संरक्षण, बोअरची मोटार कोरडी फिरू नये यासाठीची जोडणी. दोन्ही ठिकाणी व्यवसाय एकच, पण जॉब जागा पाहून ठरवायचा.

आता एक अवघड गोष्ट. शेतकऱ्याला युनिट वाचवायला सांगून काही होत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, त्याआधीही बरेच जण एचपीवर बिल भरत. युनिटचं गणित त्याच्या खिशाला लागतच नाही. म्हणून आमची मुलं बांधावर जाऊन "दादा, वीज वाचवा" म्हणाली की लोक हसायचे. मग आम्ही बोलणं बदललं. मोटार वर्षातून किती वेळा भरता? दर खेपेला किती जातात? भर उन्हाळ्यात चार दिवस पाणी थांबलं तर उसाचं, द्राक्षाचं काय होतं? मिळणाऱ्या तासांत पाणी पूर्ण बसतं का? व्होल्टेज उतरलेलं असताना मोटार जास्त अँपिअर ओढते, हे क्लॅम्प मीटर लावून दाखवलं की शेतकरी स्वतःहून पुढे सरकून बघतो. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की वाहिनीतला प्रवाह किती उतरतो, तेही त्याच मीटरवर दाखवायचं. एकट्याने लावून डीपीवर (रोहित्रावर) फारसा फरक पडत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर पडतो. म्हणून आम्ही सहसा एका डीपीवरचे सगळे शेतकरी एकत्र बोलावतो.

ऑटो स्विचबद्दल तर प्रत्येक वीजतंत्र्याशी बसून बोललं पाहिजे. वीज आली की पंप आपोआप सुरू, शेतकरी घरी झोपलेला. वीज येताच डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात, सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट, आणि डीपी जळतो. महावितरण म्हणूनच तो काढायला सांगतं. पण माझी खरी काळजी जमिनीची आहे. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, पलूस पट्ट्यात चांगली काळी जमीन पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालीय. पाणी साचतं, क्षार वर येतात, पांढरी खपली धरते, ऊसही येईनासा होतो. त्याला कारणं बरीच आहेत, काळ्या जमिनीचा निचरा, पीकपद्धती, पाटपाणी. पण कुणी न पाहता रात्रभर चालणारा पंप त्यातलं एक आहे, आणि तो ऑटो स्विच बसवून देणारा हात आपल्याच विद्यार्थ्याचा असतो. मी मुलांना एकदा अशा रानात नेतो, खपलीवर उभं करतो. मग टायमर, पाण्याची पातळी पाहून बंद होणारं सर्किट आणि मोबाइल स्टार्टर यांचे जॉब घेतो. ऑटो स्विच बसवू नका असं नुसतं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. त्याऐवजी काय बसवायचं ते आलं पाहिजे.

बाकीच्या व्यवसायांतले सहकारी विचारतील, म्हणून थोडक्यात. संधाता विभागात रॉडची थोटकं तोला. ३५० मिलिमीटरचा रॉड ५० वर टाकला तर सातवा हिस्सा वाया जातो, १०० वर टाकला तर त्याच्या दुप्पट. त्याहून मोठी नासाडी कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गरजेपेक्षा जाड वेल्ड. ड्रॉइंगमध्ये फिलेटचा (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डचा) लेग, म्हणजे बाजू, ६ मिलिमीटर असताना मुलाने "मजबूत" म्हणून ८ केला, तर धातू पावणेदोन पट लागतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. रॉड, वीज, धूर, वेळ सगळं त्याच पटीत, आणि जास्त उष्णतेने पट्टी वाकते ती वेगळीच. फिलेट गेज दोनशे-तीनशे रुपयांच्या आत येतो, तो प्रत्येक बूथला हवा. जोडारीत (फिटर व्यवसायात) पट्टीचा एकच तुकडा फायलिंग, मार्किंग, ड्रिलिंग, टॅपिंग असा चार-पाच जॉबांतून फिरवा. जॉबचा क्रम थोडा बदलावा लागतो, पण नवा माल निम्म्यावर येतो.

वातानुकूलनवाल्यांनी हवेत गॅस सोडणं आधी थांबवावं. आर-४१०ए हा गॅस एक किलो सोडला तर परिणामाच्या हिशेबाने दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे, आणि गावात तो "फ्लश मारला" म्हणून सर्रास सोडतात. आर-३२ चा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, प्रोपेनचा म्हणजे आर-२९० चा जवळजवळ नगण्य. पण हे दोन्ही ज्वलनशील. त्यामुळे ब्रेझिंगच्या आधी गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवायची सवय लागली नाही तर मुलाच्या जिवावर बेतेल. गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन एका संस्थेला महाग पडतं. दोन-तीन संस्थांनी मिळून घ्यावं. आणि तासगाव-पलूसकडे ट्रॅक्टर मेकॅनिक शिकवणाऱ्यांनी द्राक्षबागेचा ब्लोअर वर्कशॉपमध्ये आणलाच पाहिजे. प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरा, एक मिनिट चालवा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी पडलं तर ते झिजलंय, बदला. झिजलेल्या नोझलमधून जास्तीचं औषध जमिनीत आणि विहिरीत जातं, आणि द्राक्षाच्या औषधांचे दर पाहता शेतकरी हा हिशेब लगेच ऐकतो.

सौरऊर्जेबद्दल एक इशारा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. कामं खूप आहेत, तुमच्या मुलांना मिळतीलही. म्हणून बऱ्याच संस्था सोलरचा छोटा कोर्स सुरू करतात आणि शाश्वत विकास झाला असं समजतात. मी छपरावरची बरीच कामं पाहिलीत. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, पण डीसी कनेक्टरचं क्रिम्पिंग (केबलचं टोक दाबून बसवणं) कच्चं असेल तर ते पहिल्याच उन्हाळ्यात वितळतं. अर्थिंग नावापुरतं, केबल उन्हात उघडी, बाजूच्या टाकीची सावली थेट पॅनेलवर. सूर्यप्रकाश स्वच्छ आहे, पण आपलं काम कच्चं असेल तर ते पॅनेल पाच वर्षांत भंगारात. म्हणून सोलर शिकवताना पॅनेलची माहिती एक दिवस आणि क्रिम्पिंग, अर्थिंग, टॉर्क रेंच यांना दहा दिवस द्या.

आवाराचंही तेच. युनेस्कोच्या युनेव्हॉक या व्यवसाय शिक्षणाच्या केंद्राने २०१७ मध्ये तांत्रिक शिक्षण हरित करण्याची एक मार्गदर्शिका काढली. त्यात पाच बाजू सांगितल्यात: आवार, अभ्यासक्रम, परिसरातला समाज, संशोधन आणि संस्थेची संस्कृती. आपल्याकडे पहिल्या बाजूवर झाडं लावून गाडी थांबते. आवारालाच प्रयोगशाळा करा. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मीटर वाचायचं काम मुलांना पाळीने द्या, तक्ता दाराशी लावा. रविवारी संस्था बंद असताना किती युनिट जातात, हा आकडा पहिल्या महिन्यातच सगळ्यांना चकित करेल. आमच्याकडे त्या आकड्याचा माग काढत मुलं कॉम्प्रेसरपाशी पोहोचली. सगळी यंत्रं बंद करून शांतपणे ऐकलं तर पाइपलाइनचा फुसफुसाट ऐकू येत होता. साबणाचं पाणी लावून त्यांनी नऊ गळत्या शोधल्या. दाबाखालची हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला दहा-पंधरा टक्केच भाग कामाला येतो, बाकीची उष्णता होते. पुढे कुपवाडच्या एमआयडीसीत शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या आमच्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत असाच कान लावून सुपरवायझरला गळत्या दाखवल्या. त्याला तिथेच पुढे ठेवून घेतलं. कामाला लागायची घाई असलेल्या मुलांना काय मिळणार, याचं माझं उत्तर तो मुलगा आहे. मालकाला दरमहा पैसे वाचवून देणारा कारागीर सहज मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मार्कांत बसवू नका, ती अटच ठेवा: मुलांचं स्वतःचं शरीर. ग्राइंडरवर चष्मा नाही, वेल्डिंगला धूर ओढणारा पंखा नाही, फाउंड्रीत धूळ नाकातोंडात, आणि भिंतीवर पृथ्वी वाचवायचं चित्र, हे चालणार नाही. ज्या धंद्यात पंचेचाळिशीत फुप्फुसं जातात तो धंदा शाश्वत नाही. तुम्ही स्वतः निदेशिका आहात, तेव्हा हेही सांगतो: मुलींच्या मापाचे हातमोजे आणि बूट मागणीपत्रात वेगळे लिहा. नाहीतर सगळे एकाच मापाचे येतात, आणि सैल हातमोजा यंत्रावर धोक्याचाच.

अडचणी येतील त्या स्टोअरमधून. जुनी यंत्रं डेड स्टॉकला पडलेली असतात, सुटे भाग काढावेत म्हटलं तर निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर कमी करणं) झालेलं नसतं आणि हात लावता येत नाही. यादी करून निर्लेखनाचा प्रस्ताव आत्ताच टाका, या कामाला वेळ लागतो. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं, पावती फाइलला लावायची. भट्टीसाठी मोठं बजेट तर कधीच नसतं. वायर सोलायचं साधं हत्यार मात्र आमच्या जोडारी विभागाने गट प्रकल्पात बनवलं: जुनं हॅकसॉ ब्लेड, दोन बेअरिंगं आणि एक पट्टी. तेव्हापासून वायर जाळणं बंद झालं आणि स्वच्छ तांब्याला भंगारवाला भावही जास्त देतो.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था उभी केली, ब्रीद ठेवलं स्वावलंबी शिक्षण, आणि मुलं कमवत शिकली. घाम, माल आणि ज्ञान यांचा हिशेब एकत्र मांडायची ती सवय शेजारच्या जिल्ह्यातली आहे, आपल्याला फक्त ती आयटीआयच्या बेंचवर आणायची आहे.

तुम्ही सगळं एकदम धरू नका. पहिला महिना फक्त काटा आणि चार आकड्यांचा रकाना. दुसरा महिना मीटरचा तक्ता. वायंडिंगचा जॉब येईल तेव्हा मोटार उघडायच्या आधी वॅटमीटर जोडा, आधीचा आकडा फळ्यावर लिहा आणि भरून होईपर्यंत पुसू नका. अहवालात त्या फळ्याचा फोटो जोडा, आधीचा आणि नंतरचा. झाडांचा फोटो त्याच्या शेजारी राहू द्या.